वायसरकाकू आणि गळकी गाडी

पाणीपुरवठा खात्यात लागल्यावर पहिल्याच वर्षी काकूंच्या नवऱ्याचं नाव 'वायसर' पडलं. नळाच्या पोटात रबराची चकती असते, तो वायसर. यांच्या खिशात ते कायम दोन-चार मापांचे असायचे. कोणाकडे चहाला गेले तरी हे गृहस्थ आधी मोरीत डोकावणार, नळ पिरगळून बघणार आणि मगच खुर्चीवर टेकणार. खात्यातले लोक हळूहळू त्यांचं खरं नाव विसरले, मग गल्ली विसरली. लग्न होऊन आलेली बायको आधी वायसरवहिनी झाली आणि केस पिकल्यावर वायसरकाकू. याचा काकूंना भारी राग. त्यांचा स्वतःचा धंदा होता, पडदे शिवण्याचा. अर्ध्या गावाच्या खिडक्यांवर त्यांच्या हातची शिवण लोंबत होती. पण कापड घ्यायला गेल्या की दुकानदार आतल्या माणसाला ओरडून सांगणार, "वायसरकाकू आल्यात, अस्तराचा तागा काढ."

नवऱ्याचा स्वभाव कुठून आला हे काकूंना फार उशिरा कळलं. खात्याकडे नव्या पाइपलाइनला कधी मंजुरीच नसायची. त्यामुळे जिथे फुटेल तिथे खड्डा खणायचा, गुडघाभर चिखलात उभं राहायचं आणि हाताला लागेल त्याने गळती थांबवायची. रबराची पट्टी, लाकडाची खुंटी, डांबरात बुडवलेली सुतळी, काहीही. साहेबाला 'तात्पुरतं केलंय' म्हणून सांगायचं आणि पुढच्या खड्ड्याकडे निघायचं. सगळी नोकरी अशी तात्पुरती करण्यात गेली. बाजाराच्या चौकात मुख्य लाइनला ऐन तारुण्यात त्यांनी बांधलेला पट्टा ते निवृत्त झाले तेव्हाही पाणी धरून होता. त्या चौकातून जाताना ते जरा छाती काढून चालायचे. माणूस वाईट नव्हता. कामाला वाघ, बोलायला गोड, व्यसन कसलं नाही. फक्त एखादी वस्तू नवीन आणावी किंवा निदान नीट दुरुस्त करून घ्यावी, असं त्यांना आतून कधी वाटायचंच नाही. 'चालतंय ना?' हा त्यांचा प्रश्न असायचा, आणि चालत असेल तर विषय संपला.

हे घरापुरतं होतं तोवर काकूंनी चालवून घेतलं. मग गाडी आली.

काकूंच्या भावाने नवी गाडी घेतली आणि जुनी बहिणीच्या दारात आणून उभी केली. लांब पाठीची, मागचं दार वर उघडणारी, रंगाने कधीकाळी निळी असावी. "ताई, तुझ्या पडद्यांना बरी आहे," भाऊ म्हणाला आणि किल्ली ठेवून चहाही न घेता निघून गेला. तो इतक्या घाईने का गेला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गाडीखाली फरशीवर तीन वेगवेगळ्या रंगांची थारोळी होती. काकूंनी कपाळाला हात लावला. वायसर मात्र लुंगी खोचून गाडीखाली उताणे शिरले आणि आतून त्यांचा आवाज आला, "अगं, किरकोळ आहे सगळं." त्या आवाजात आनंद मावत नव्हता. निवृत्त झाल्यापासून हा माणूस इतका खूश झालेला त्यांनी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून काकूंच्या शिवणाच्या डब्याला गळती लागली.

रेडिएटरचा रबरी पाइप चिरला की वायसर त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायचे, आणि ट्यूब घट्ट धरायला काकूंचं रुंद इलॅस्टिक घ्यायचे. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर तिथे अंगाचा साबण घासायचे. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, हे त्यांनी काकूंना कौतुकाने समजावून सांगितलं होतं, तेव्हा काकू न्हाणीघरात ओल्या अंगाने साबण शोधत होत्या. दोऱ्याला लावायचं मेण गेलं. कापडावर खुणा करायचा खडू गेला, तो कशाला लागला देव जाणे. एकदा घाटात गाडीच्या हीटरमधून काकूंच्या पायावर कोमट पाणी ठिबकायला लागलं. वायसरांनी गाडी बाजूला घेतली, हीटरकडे जाणारा पाइप उपसून काढला आणि त्याच्या तोंडात काकूंचं शिवताना बोटात घालायचं टोपण ठोकून वर तार आवळली. काकूंच्या आईने दिलेलं टोपण होतं ते, पितळेचं.

"अहो, तेच का? दुसरं काही नव्हतं?"

"माप बघ ना कसं बसलंय," वायसर म्हणाले.

टोपण तिथेच राहिलं. "तात्पुरतं आहे, काढून देतो," असं ते म्हणाले होते. काकू बरेच दिवस बोट टोचून घेत शिवत राहिल्या आणि शेवटी दुसरं टोपण घेऊन आल्या. ते मात्र उशीखाली ठेवून झोपायला लागल्या.

लेकीच्या नोकरीच्या मुलाखतीला निघाले तेव्हाची गोष्ट तर लेक आजही सांगते. वाटेत इंजिन तापलं. वायसरांनी एका दुकानातून अंडी आणली, पिवळं आणि पांढरं वेगळं करून पांढरं रेडिएटरमध्ये ओतलं. उकळत्या पाण्यात पांढरं शिजतं, शिजून भोकात अडकतं आणि भोक बुजतं. बुजलंही. पण रेडिएटरचं झाकण बसवायच्या आधी इंजिनाने एक उचकी दिली आणि वाफेबरोबर शिजलेल्या अंड्याची कुबट फवारणी लेकीच्या इस्त्रीच्या कपड्यांवर झाली. लेक मुलाखतीला आईशी कपडे बदलून, तिची साडी नेसून गेली. नोकरी लागली, ही वेगळी गोष्ट. ती लागल्यावर वायसर म्हणाले, "वेळेवर पोचलो म्हणून लागली." लेकीने वडिलांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि दूरच्या गावी बदली मागून घेतली. नंतर ती आगगाडीनेच यायची.

काकूंना कधीकधी स्वतःचाच राग यायचा. आपण ओरडतो, डबा आपटतो, दोन दिवस अबोला धरतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गाडीत जाऊन बसतो. कारण एकच होतं, नाइलाजाने कबूल करावं लागणारं. गाडी पोचायची. कण्हत, कुथत, वाफा सोडत, पण पोचायची. आणि पोचली की वायसर स्टिअरिंगवर थाप मारून काकूंकडे असं बघायचे, की शाळेत पहिला आलेला मुलगाच बघतोय.

अशात काकूंना नाट्यगृहाचं काम मिळालं.

डोंगरापलीकडच्या गावातलं जुनं नाट्यगृह दुरुस्त झालं होतं आणि त्याला नवा दर्शनी पडदा हवा होता. मखमलीचा, गडद लाल, दोन भागांत उघडणारा. आयुष्यभर खिडक्या आणि दारं शिवलेल्या काकूंना हे काम कोणी देईल असं वाटलंही नव्हतं. तिथल्या व्यवस्थापिकेने घरी येऊन त्यांची शिवण उलटीसुलटी करून बघितली, नखाने टाके ओढून बघितले आणि "तुम्हीच करा" म्हणाली. ती गेल्यावर काकू बराच वेळ कापडाच्या नमुन्यावरून हात फिरवत बसल्या. मखमलीची लव एका बाजूने हात फिरवला की उजळते, उलट फिरवला की काळवंडते. एवढ्या मोठ्या पडद्यात एक पट्टा जरी उलटा लागला तरी दिव्याच्या उजेडात डाग पडल्यासारखा दिसणार.

बाहेरच्या खोलीतलं सामान हलवलं. जेवायचं टेबल ओसरीत गेलं. मशिनच्या दोन्ही बाजूंना मखमलीचे डोंगर. ते वजन ओढून ओढून काकूंचे खांदे भरून आले, तेव्हा वायसरांनी जुन्या पाळण्याची चाकं काढून फळीला ठोकली आणि मशिनच्या मागे एक गाडा केला. कापड त्याच्यावर बसून आपोआप पुढे सरकायला लागलं. त्या दिवशी वायसरांच्या चहात साखर नेहमीपेक्षा जास्त पडली. वायसर रोज सकाळी लवेवरचे दोरे वेचायचे. खालच्या दुमडीत घालायची साखळीही त्यांनीच कडी-कडी तपासून दिली.

पोचवायचं कसं, यावरून मात्र खडाजंगी झाली.

"भाड्याची बंद गाडी बोलावते," काकू म्हणाल्या. "पडदा न्यायचा त्याच संध्याकाळी तिथे पहिला खेळ आहे. मला कसलाही घोळ नकोय."

"आपली गाडी दारात असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते रोज म्हणतातच."

"अगं, मी सगळं बघून घेतलंय. रेडिएटर, पाइप, टाकी. एक थेंब गळणार नाही. तुझ्या एवढ्या मोठ्या कामाला माझी गाडी नाही, म्हणजे मग…" वायसर खाली वाकले. ते मखमलीवरचा दोरा वेचायला लागले.

तिथे काकू विरघळल्या. नंतर सगळ्या वाटेभर त्यांनी स्वतःला त्याबद्दल बोल लावला.

सकाळी निघाले. मागची सीट पाडून तिथे स्वच्छ चादर अंथरली होती, आणि त्यावर पडद्याचे दोन्ही भाग, लव आत करून, नीट गुंडाळलेले. गाडीचं बूड पार खाली बसलं. गाव संपेपर्यंत सगळं ठीक होतं. चढ सुरू झाला आणि काकूंनी नाक वर केलं.

"कसला वास येतोय?"

"कारखान्याचा असेल."

"इथे कारखाना कुठाय?"

पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. वायसर उतरले, कापडाच्या चिंधीने हात गुंडाळून थांबले, थंड होऊ दिलं आणि मग रेडिएटरचं झाकण उघडलं. रेडिएटरला नवीन जागी भोक पडलं होतं. "वजन जास्त झालं," ते मखमलीकडे बघत म्हणाले, जणू चूक तिची. सीटखालून बरोबर आणलेली अंडी निघाली, पांढरं आत गेलं, भोकात अडकायला वर मिऱ्याची पूडही गेली. वायसरांनी झाकण मुद्दाम पूर्ण आवळलं नाही, आत दाब कमी राहावा म्हणून. तासाभराने गाडी चालू झाली. काकू रस्त्याकडे बघत बसल्या. बोलायचं ठरवलं असतं तर तोंडाचा पट्टा उतार संपेपर्यंत थांबला नसता, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

चढ संपला. माथ्यावर एक बंद पडलेली चहाची टपरी आणि एक बाकडं होतं. तिथून पुढे रस्ता सरळ दरीत उतरत होता, वळणामागे वळण, आणि पार खाली ते गाव, त्यात नाट्यगृहाचं उतरतं छप्परसुद्धा दिसत होतं. वायसरांनी सवयीने ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला. त्यांनी तो उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मग हँडब्रेक ओढून गाडी टपरीच्या आडोशाला उभी केली.

काकूंनी हे सगळं पाहिलं होतं. इतकी वर्षं त्या गाडीत बसून त्यांना गाडीचं काही कळत नसलं, तरी नवऱ्याच्या पायाचं कळत होतं.

वायसर मागच्या चाकाशी बसले. टायरची आतली बाजू ओली चमकत होती. त्यांनी बोट लावलं, वास घेतला. "ब्रेक ऑइल. मागच्या चाकाचं गेलंय."

"मग?"

"मग काय. या चाकाचा पाइप दुमडून ठोकून चपटा करायचा. तिथलं ऑइल बंद. बाकीची तीन चाकं ब्रेक धरतात. बाटलीत थोडं ऑइल आहे, तेवढं वर ओततो. सावकाश, पहिल्या गिअरमध्ये उतरू." असं म्हणून ते हातोडी काढायला उठलेसुद्धा.

काकू गाडीतून उतरल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "नाही."

"अगं, तात्पुरतं…"

"पाणी तात्पुरतं थांबवा. पेट्रोल थांबवा. माझ्या डब्यातलं काय पाहिजे ते घ्या, मी आजवर काही बोलले नाही."

"रोज बोलतेस."

"बोलले असेन. पण ब्रेक नाही. त्या उतारावर तात्पुरत्या ब्रेकने मी नाही येणार, पडदा नाही येणार, आणि तुम्हीही नाही जाणार."

"पोचू गं. आजवर कधी नाही पोचलो, सांग बरं."

याच वाक्यावर काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजवर गाडी बिघडायची म्हणजे जागच्या जागी थांबायची," त्या म्हणाल्या. "आज बिघडलीय म्हणजे थांबणारच नाही. यातला फरक कळतोय का तुम्हाला?"

वायसर हातोडी घेऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना हट्ट होता, खड्ड्यात उतरताना असायचा तसा. काकूंनी दार उघडलं, वाकून किल्ली काढली आणि ब्लाउजमध्ये खोचली. मग बाकड्यावर जाऊन बसल्या.

मोबाइलला तिथे रेंज नव्हती. एक मोटारसायकल गेली, एक वाळूचा ट्रक गेला. काकूंनी वाळूच्या ट्रकला हात केला नाही, मखमल आणि वाळू म्हटल्यावर. वायसर गाडीभोवती फेऱ्या मारत होते. मधूनच म्हणायचे, "नुसता बघतो पाइप, ठोकत नाही," आणि काकूंनी मान वळवली की परत फेऱ्या मारायला लागायचे. सूर्य डोक्यावरून कलला. काकूंना रडू येत होतं, पण ते या माणसासमोर यावं अशी त्यांची इच्छा नव्हती. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम डोळ्यांसमोर खाली दिसतंय आणि आपण इथे बाकड्यावर, बंद टपरीसमोर.

शेवटी एक पावाची गाडी आली. चौकोनी, पांढरी, बाजूला पावाचं चित्र. काकू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पाववाल्याने करकचून ब्रेक दाबले, आणि ते लागले हे बघून काकूंना हेवा वाटला.

"बाई, मरायचंय का?" पाववाला खिडकीतून म्हणाला.

"मरायचं नाहीये म्हणूनच उभी आहे," काकू म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. पाववाला वयस्कर होता, फेरी संपवून रिकामी गाडी घेऊन घरी निघालेला. त्याला जेवायला जायचं होतं. त्याने घड्याळ बघितलं, मखमलीचे ते दोन लाल लोड बघितले, हातोडी धरलेल्या वायसरांकडे बघितलं. "हे कोण?"

"आमचे हे."

"बरं," पाववाला म्हणाला, जणू त्यातच सगळं आलं, आणि मागचं दार उघडलं.

आत कप्पे रिकामे होते, पण फळीवर पीठ आणि पावाचा चुरा. काकूंनी चादर अंथरली, वर अस्तराचं उरलेलं कापड घातलं. पडदा उचलायला तिघं लागले. वायसरांनी जड बाजू धरली आणि मखमलीला पीठ लागू नये म्हणून स्वतः आधी आत चढून चादरीबाहेर राहिलेली फळी आपल्या सदऱ्याने पुसली. सगळं ठेवून झाल्यावर ते खाली उतरून उभे राहिले.

"मी कसा येऊ? गाडी इथे सोडून?"

"नका येऊ. खाली पोचले की गॅरेजवाल्याला पाठवते. त्याला ओढून नेऊ द्या."

"ओढून," वायसर म्हणाले. आजवर त्यांची गाडी कोणी ओढली नव्हती.

"डब्यात पोळ्या आहेत. पाणी आहे. गाडीखाली शिरू नका."

"किल्ली तरी दे."

काकू पाववाल्याच्या शेजारी जाऊन बसल्या. गाडी वळणावर गेली तेव्हा त्यांनी आरशात पाहिलं. वायसर बाकड्यावर बसले होते, सदऱ्याला पीठ, हातोडी गुडघ्यावर. काकूंना एकाच वेळी इतकं हसू, इतका राग आणि इतकं वाईट वाटलं की त्या पाववाल्याला उगीचच म्हणाल्या, "जरा खिडकी उघडा हो."

नाट्यगृहात व्यवस्थापिका दारातच येरझाऱ्या घालत होती. काकूंनी आधी तिच्या खोलीतून गॅरेजला फोन लावला आणि मगच बाह्या सरसावल्या. पीठ लागायचं ते लागलंच होतं. एका भागाच्या कडेला पांढरा पट्टा उमटला होता. काकूंनी ओलसर फडकं घेतलं आणि लवेच्या दिशेने, एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसत गेल्या. रंगमंचावरची माणसं शिडीवर उभी राहून हात पुढे करून वाट बघत होती, आणि काकू गुडघ्यांवर बसून पीठ काढत होत्या, आणि मनात नवऱ्याच्या नावाने जे काही म्हणत होत्या ते लिहिण्यासारखं नाही. मग पडदा वर चढला. कड्या एकेक करून सळईत गेल्या. साखळीच्या वजनाने खालची कड सरळ जमिनीला टेकली. दिवा लावून बघितला तर कुठे डाग नाही, कुठे उलटा पट्टा नाही. व्यवस्थापिका प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि तिथून म्हणाली, "बाई, आता तुम्ही इथे येऊन बघा."

काकू गेल्या. तिथून बघितल्यावर त्यांना तो आपण शिवलाय असं वाटेना.

खेळाची घंटा झाली तेव्हा ओढगाडी आली. वायसर गॅरेजवाल्याच्या शेजारी बसून आले होते. व्यवस्थापिकेने दोघांना मागच्या रांगेत बसवलं. अंधार झाला, पडदा दोन्हीकडे सरकला, जराही न अडकता. वायसर अंधारातच म्हणाले, "छान सरकतो." काकूंनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मध्यंतरात ते जागेवर नव्हते. काकूंनी शोधलं तर ते पुरुषांच्या स्वच्छतागृहात नळाशी वाकलेले, आणि बाहेर तीन माणसं रांगेत खोळंबलेली.

गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली. ती परत आली त्या दिवशी वायसर भराभर जेवले. ताट उचलून मोरीत ठेवलं आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.

"दुसऱ्या चाकाचंही जायला आलं होतं," ते म्हणाले. "गॅरेजवाल्याने उघडून दाखवलं. वरून कळत नव्हतं. मी तो पाइप ठोकला असता ना, तर पहिल्या-दुसऱ्या वळणावर दुसरं सुटलं असतं."

काकूंच्या जिभेवर या क्षणासाठी कितीतरी वाक्यं तयार होती. इतक्या वर्षांची साठवण. त्यांनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्याच्या कॉलरची कड उसवली होती. "उद्या तो सदरा टाका इकडे, शिवून देते," त्या म्हणाल्या.

यातून वायसर सुधारले असं कोणी समजू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग गॅरेजचं, एवढं त्यांनी मान्य केलं आणि आजवर पाळलं. बाकी पाणी, तेल, पेट्रोल यांच्यावर हक्क सोडला नाही. पण काकूंनी आपल्यापुरता मार्ग काढला. नाट्यगृहाचा पडदा बघून कामं वाढली, शाळा आली, दोन सभागृहं आली, आणि पोचवायला काकू पाववाल्यालाच बोलवायला लागल्या. फेरी संपली की तो दारात येतो. आता फळ्या झाडून, वर जाड कागद घालून येतो, आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही. वायसरांशी त्याचं चांगलं जमलं. दोघं पायरीवर बसून कोणतं भोक कशाने बुजतं यावर बोलत राहतात आणि काकूंना दोनदा हाक मारावी लागते.

परतीचा प्रवास मात्र काकू नवऱ्याच्या गाडीतून करतात. तसं ठरलंय. पडदा पावाच्या गाडीतून पुढे जातो, वायसर मागून येतात आणि काम झालं की बायकोला घेऊन घरी जातात.

परवाही असंच झालं. एका वाचनालयाचे पडदे लावून झाले, माणसं पांगली, पाववाला निघून गेला. काकू फाटकाशी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या राहिल्या. वायसरांचा पत्ता नाही. फोन उचलत नाहीत. पहारेकरी दोनदा येऊन विचारून गेला, "कोणी येणार आहे का, काकू?" काकू म्हणाल्या, "येणार आहेत, येतील." पायाला रग लागली, उन्हं कलली, पिशवी या हातातून त्या हातात आली. आणि मग रस्त्याच्या टोकाला ती निळसर गाडी दिसली, धाप लागलेल्या माणसासारखी चालत येणारी. समोर उभी राहिली. बॉनेट पडदा बाजूला ओढून बांधायच्या एका हिरव्या बांधणीने आवळलेलं होतं. आदल्या दिवसापासून काकू तीच बांधणी घरभर शोधत होत्या.

वायसरांनी आतून दार उघडून दिलं. "किरकोळ होतं," ते म्हणाले.

काकूंनी पिशवी मागे टाकली, आत बसल्या, पाय कोरड्या जागी ठेवले आणि म्हणाल्या, "पुढे बघून चालवा."